ई-१ लाइन 'अप' आहे, तरी डेटा अडतोय? या चुका टाळा

लाइन पूर्ण बंद पडली तर एका अर्थी बरं. निदान सगळे लगेच कामाला लागतात. डोकं खाते ती लंगडत चालणारी ई-१ लाइन, म्हणजे दोन ठिकाणांमध्ये डेटा नेणारी डिजिटल लाइन. दिवा हिरवा, इंटरफेस अप, छोटा पिंग (समोरचं टोक उत्तर देतं का बघणारं चाचणी पॅकेट) व्यवस्थित जातो आणि मोठी फाइल मात्र अर्ध्यात अडकते. मग राउटरवर संशय, केबलवर संशय, सर्व्हिस प्रोव्हायडरशी हुज्जत. बरेचदा भानगड एवढीच असते की दोन टोकांची लाइन सेटिंग एकमेकांशी जुळत नसतात.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक क्लॉकची, म्हणजे बिट पाठवण्या-वाचण्याचा ताल देणाऱ्या घड्याळाची. एका जोडणीवर माझे दोन दिवस यातच गेले. केबल बदलली, कार्ड बदललं, स्लिप (ताल न जुळल्याने होणाऱ्या चुका) काही थांबेनात. शेवटी पलीकडच्या माणसाने फोनवर त्याचं कॉन्फिग वाचून दाखवलं, तेव्हा उलगडा झाला: आम्ही दोघंही क्लॉक सोर्स 'इंटर्नल', म्हणजे ज्याचं त्याचं घड्याळ, ठेवून बसलो होतो.

ई-१ ची एक फ्रेम (डेटाचा एक ठरावीक गठ्ठा) १२५ मायक्रोसेकंदांची असते. दोन टोकांच्या घड्याळांत दर दहा लाखांमागे ५० इतकाच फरक असला, तरी दर अडीच सेकंदांनी एक अख्खी फ्रेम गळते किंवा दोनदा वाचली जाते. यालाच स्लिप म्हणतात. लाइन प्रोव्हायडरची असेल आणि तो क्लॉक देत असेल, तर दोन्ही टोकं 'लाइन'वर, म्हणजे लाइनवरून येणाऱ्या क्लॉकवर, ठेवा. दोन राउटर थेट एकमेकांना जोडले असतील तर एक 'इंटर्नल', दुसरं 'लाइन'. थेट जोडणीत दोन्ही 'लाइन'वर ठेवणं हीसुद्धा चूकच. दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. आणि प्रोव्हायडर खरंच क्लॉक देतो का, हे गृहीत न धरता विचारून घ्या.

दुसरी चूक फ्रेमिंगची, म्हणजे फ्रेम ओळखण्याच्या पद्धतीची. एका टोकाला सीआरसी-४ (फ्रेममधल्या चुका पकडणारी तपासणी) चालू, दुसऱ्याला बंद. सीआरसी-४ लावलेलं टोक १६ फ्रेमांची मल्टिफ्रेम शोधत राहतं, ती त्याला सापडत नाही, म्हणून ते पलीकडे रिमोट अलार्म पाठवतं. पलीकडच्याला स्वतःकडे काहीच बिघाड दिसत नाही, तो म्हणतो "माझं ठीक आहे, तुमचं तपासा." रिमोट अलार्मचा अर्थच असा की तक्रार समोरच्याची आहे, तो तुमचं पाठवलेलं नीट वाचू शकत नाहीये. म्हणून सेटिंग दोन्हीकडची बघावी लागते.

टी-१ वर (ई-१ सारखीच अमेरिकेतली लाइन) काम करणाऱ्यांना लाइन कोडिंगचा, म्हणजे बिट तारेवर पल्सच्या रूपात पाठवण्याच्या पद्धतीचा, फटका जास्त बसतो. एएमआय पद्धतीत ओळीने शून्य आले की तारेवर पल्सच नसतात आणि समोरचं टोक ताल चुकतं. बी-८-झेड-एस आठ शून्यांच्या जागी ठरावीक खूण भरतं, ई-१ वरचं एचडीबी-३ चार शून्यांच्या जागी तेच करतं. दोन टोकांची कोडिंग वेगळी असेल तर साधा पिंग बऱ्याचदा पार होतो. म्हणून एक्स्टेंडेड पिंग घ्या, पॅकेट १५०० बाइटचं करा आणि डेटा पॅटर्न सगळे शून्य द्या. नंतर तोच पिंग सगळे एक देऊन चालवा. एकचा पिंग सुखरूप जातो आणि शून्याचा गळतो, तर केबलला हात लावण्याआधी कोडिंग बघा.

टाइमस्लॉटची (फ्रेममधल्या कप्प्यांची) चूक वेगळ्या चेहऱ्याने येते. ई-१ मध्ये ६४ केबीपीएसचे ३२ स्लॉट. शून्य क्रमांकाचा फ्रेमिंगला जातो, उरलेले ३१ मिळून १९८४ केबीपीएस. एकाने १ ते ३१ घेतले आणि दुसऱ्याने जुन्या व्हॉइस लाइनच्या सवयीने १६ वा वगळला, तर कंट्रोलरवर (राउटरचा लाइन सांभाळणारा खालचा थर) एकही एरर दिसत नाही, पण वरच्या सिरियल इंटरफेसवर सीआरसी एरर वाढतात आणि प्रोटोकॉल डाउन राहतो. खालचा थर स्वच्छ, वरचा घाण असं दिसलं की आधी स्लॉटची यादी जुळवा.

ती जुळली आणि तरी प्रोटोकॉल उठत नाही, तर एन्कॅप्सुलेशन (पॅकेट लाइनवर पाठवण्याआधी गुंडाळण्याची पद्धत) बघा. सिस्कोच्या सिरियल इंटरफेसवर मुळात येतं ते एचडीएलसी तिचं स्वतःचं आहे. पलीकडे दुसऱ्या कंपनीचा डबा असेल तर दोन्हीकडे पीपीपी ही सगळ्या कंपन्यांना चालणारी पद्धत लावा, वाद मिटतो.

टेस्टसाठी लावलेला लूप काढायला विसरणं ही तर आपल्या धंद्यातली जुनीच खोड. इंटरफेसच्या स्टेटसमध्ये 'लूप्ड' दिसलं की आपलेच पॅकेट आपल्याकडे परत येताहेत.

दुरुस्ती करताना एका वेळी एकच सेटिंग बदला, काउंटर साफ करा आणि पंधरा मिनिटं थांबा. कंट्रोलर एररचा हिशेब १५ मिनिटांच्या टप्प्यांनी ठेवतो, शेजारी २४ तासांची बेरीजही दाखवतो. त्या बेरजेत सकाळचे स्लिप तसेच पडून असतात, त्यामुळे बरी झालेली लाइनही आजारी वाटते. चालू टप्प्याचा आकडा बघा, आणि तोही दोन्ही टोकांना.