कोलेस्टेरॉलची गोळी आणि मांड्यांतली ताकद: या चुका टाळा

आत्या विळीवरून उठताना दाराची चौकट धरायला लागली, तेव्हा घरात सगळे म्हणाले, "लावणी झालीय, अंग दुखायचंच." महिना उलटला तरी पाखाडी चढताना ती गडग्याला हात टेकत होती. मग केस विंचरायला हात वर जाईनात. आम्ही उंडीचं तेल चोळत बसलो, आणि चूक तीच झाली. तिचं फार दुखत नव्हतंच, ताकद जात होती. जमिनीवरून उठता न येणं हे थकव्याचं लक्षण नाही, लगेच डॉक्टरला सांगा.

आत्या तीन वर्षं अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी घेत होती. स्टॅटिन गटातल्या या गोळ्या यकृतातल्या ज्या एन्झाइमला रोखतात, त्याच्याचविरुद्ध क्वचित शरीर अँटिबॉडी तयार करतं आणि स्वतःचेच स्नायू मारायला लागतं. गोळी वर्षानुवर्षं सोसली म्हणून हे होणार नाही असं नसतं.

दुसरी चूक, गोळी थांबवून वाट बघणं. साधी अंगदुखी गोळी थांबवल्यावर काही आठवड्यांत जाते. हा आजार थांबत नाही. त्याला स्टिरॉइड, मेथोट्रेक्सेट, कधी इम्युनोग्लोब्युलिन लागतं, आणि उशीर झाला तर गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असं नाही.

तिसरी चूक आमच्याकडे सर्वांत महागात पडली. रक्तात एसजीओटी, एसजीपीटी (यकृताच्या तपासणीत बघतात ती एन्झाइम्स) वाढलेले दिसले आणि दीड महिना यकृताचं औषध चाललं. हे दोन्ही स्नायूंतूनही रक्तात येतात! सोबत सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, तपासलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. ते साधारण दोनशेच्या आत असतं, आत्याचं सात हजारांवर होतं. पुढची तपासणी अँटी-एचएमजीसीआर अँटिबॉडीची, म्हणजे वर सांगितलेल्या एन्झाइमविरुद्धच्या अँटिबॉडीची. ती संधिवाततज्ज्ञांना विचारून करा.

हे ऐकून शेजारच्या काकांनी आपली गोळी परस्पर बंद केली. तसं अजिबात करू नका. हा आजार ही गोळी घेणाऱ्या लाखात दोन-तीन जणांना होतो, आणि हार्ट अटॅक येऊन गेलेल्याला ती गोळी जगवत असते. लघवी काळ्या चहासारखी झाली तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.

एकदा हे निदान झालं की स्टॅटिन पुन्हा नाही, वेगळ्या नावाचं किंवा 'नैसर्गिक' लाल यीस्ट तांदळाचं कॅप्सूलही नाही, त्यात तोच घटक असतो. कोलेस्टेरॉलसाठी दुसऱ्या गटातली औषधं मिळतात. आत्याच्या फाइलच्या पहिल्याच पानावर आम्ही लाल पेनाने लिहून ठेवलंय: स्टॅटिन देऊ नये.