मन सैरभैर झालं की ईमान कसं धरायचं
रात्री दोनला छताकडे बघत पडलेली माणसं आमच्या पुण्याच्या कोंढव्यात कमी नाहीत, हप्ते, नोकरी, घरातलं आजारपण, आणि एवढं सगळं एकट्याने पेलवत नाही म्हणूनच तर ईमान, म्हणजे अल्लाहवरची श्रद्धा, लागतं. सुरुवात छोटी करा. फजरला, म्हणजे पहाटेच्या नमाजला उठा, वजू करा, म्हणजे नमाजआधी हात-तोंड-पाय धुवा, घाई नको, कोपरापर्यंत गार पाणी जाऊ दे, मग फर्जच्या, म्हणजे सक्तीच्या, दोन रकात (नमाजची आवर्तनं). सजद्यात कपाळ जमिनीला टेकलं की छातीवरचं ओझं उतरतं, खरंच. कुराणातल्या सूरह रअद या अध्यायाच्या 28व्या आयतमध्ये हेच आहे, अल्लाहच्या स्मरणानेच मनाला शांती मिळते. पण तवक्कुल, अल्लाहवर भरवसा ठेवणं, म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे बरं का, पैगंबरांनी आधी उंट बांध मग भरवसा ठेव असं सांगितलंय, तेव्हा औषधं चालू ठेवा, इंटरव्ह्यूची तयारी करा, निकाल अल्लाहवर सोडा. एखादी नमाज चुकलीच तर कझा पढा, म्हणजे ती नंतर भरून काढा.