जुनी लार्ज फॉरमॅट लेन्स कशी ओळखावी

लार्ज फॉरमॅट म्हणजे ४×५ इंच किंवा त्याहून मोठी फिल्म वापरणारे कॅमेरे. त्यांच्या जुन्या लेन्सवर कोरलेलं नाव खरं असतं, पण पुरेसं नसतं. श्नायडर या जर्मन कंपनीची 'सिमार' घ्या. दुसऱ्या महायुद्धाआधीची एफ/६.८ सिमार डागोर घाटाची, म्हणजे भिंगांच्या त्या नावाच्या मांडणीची. युद्धानंतर त्याच नावाने आलेली एफ/५.६ सिमार प्लास्मॅट या दुसऱ्या घाटाची. (हे घाट कसे ओळखायचे ते पुढे येतं.) नाव एक, पण आतली भिंगं वेगळी आणि चित्रही वेगळं. म्हणून आधी काच पाहावी, अक्षरं नंतर वाचावीत.

त्यासाठी लागते अंधारी खोली, एक छोटा उघडा बल्ब आणि पांढरं सुती कापड.

१. गट वेगळे करा. बहुतेक लेन्समध्ये भिंगांचे दोन गट असतात, एक शटरच्या पुढे आणि एक मागे. दोन्ही हाताने फिरवून निघतात. निघत नसतील तर जोर लावू नका. लेन्स आहे तशी ठेवून दोन्ही बाजूंनी पाहिली तरी बरंच कळतं. गट आणि शटर यांच्यामध्ये पातळ कडी सापडली तर ती जपून ठेवा आणि तिथेच परत बसवा. भिंगांमधलं अंतर तिच्यावर ठरतं.

२. प्रतिबिंबं मोजा. खरं काम इथे आहे, घाई करू नका. बल्ब डोक्यावर धरा, गट हातात तिरपा करा आणि काचेत दिसणारे बल्बचे ठिपके मोजा. काच हवेला भिडते त्या प्रत्येक पृष्ठभागाचा एक ठळक ठिपका दिसतो. दोन भिंगं जिथे एकमेकांना चिकटवलेली असतात तिथला ठिपका फार फिका असतो, कारण दोन्ही काचांच्या अपवर्तनांकात फरक थोडाच असतो. गट हलवला की ठिपके वेगवेगळ्या वेगाने, कधी उलट दिशांनाही सरकतात. एकावर एक आलेले ठिपके सुटे करायचे तर गट हलवत राहा.

दोन्ही गटांत प्रत्येकी दोन ठळक आणि एक फिका ठिपका असेल तर ती रॅपिड रेक्टिलिनियर. डालमायर आणि स्टाइनहाइल या दोन लेन्सकारांनी हा घाट १८६६ मध्ये आणला. फिके ठिपके दोन असतील तर डागोर. ती १८९२ ची, एमिल फॉन होएघ यांची रचना. हा दुसरा फिका ठिपका सहज सुटतो आणि चांगली डागोर साध्या रेक्टिलिनियरच्या भावात विकली जाते. म्हणून खोली पूर्ण अंधारी हवी.

दोन्ही गटांत चार ठळक आणि एक फिका म्हणजे प्लास्मॅट. दोन्हीकडे चारच ठळक, फिका एकही नाही, म्हणजे डायलाइट. छापखान्यांत छपाईसाठी मजकूर-चित्रांचे फोटो घेणाऱ्या प्रोसेस कॅमेऱ्यांवरच्या आर्टार आणि अपो-रोनार याच घाटाच्या. मोडीत निघालेल्या प्रेसच्या सामानात त्या जरूर शोधा.

पुढे चार ठळक, मागे दोन ठळक आणि एक फिका हे चिन्ह टेसारचं. पाउल रुडोल्फ यांनी झाइस या जर्मन कंपनीत १९०२ साली ती रचली. श्नायडरची झेनार आणि कोडॅकच्या अनेक एक्टार याच कुळातल्या. याच्या नेमकं उलट, म्हणजे पुढे दोन ठळक आणि एक फिका, मागे चार ठळक असं दिसलं तर हातात बहुधा पेट्झव्हाल आहे. १८४० ची ही पोर्ट्रेट लेन्स लांब पितळी नळी आणि मोठ्या काचेमुळेही ओळखू येते.

एक अडचण ध्यानात ठेवा. भिंगं चिकटवणारा जुना डिंक, म्हणजे बाल्सम, सुटला असेल तर चिकटवलेल्या भिंगांमध्ये हवा शिरते. मग फिका ठिपका ठळक दिसतो आणि मोजणी चुकते. कडेला इंद्रधनुषी वलयं दिसली तर हाच संशय घ्या.

३. लेप पाहा. ठिपके जांभळट, निळसर किंवा अंबरी दिसले तर काचेवर परावर्तन कमी करणारा लेप आहे आणि लेन्स बहुतेक युद्धानंतरची. अपवाद आहेत, झाइसने १९३५ मध्येच लेपाचं पेटंट घेतलं होतं.

४. आता अक्षरं वाचा. नाभीय अंतर सेंटिमीटरमध्ये कोरलेलं असेल तर जर्मन लेन्स सहसा जुनी. एकाच सिमारवर '५.६/१५०' आणि '१२/२६५' अशा छिद्र आणि मिलिमीटरमधलं नाभीय अंतर यांच्या दोन जोड्या असतील तर तिचा एक गट एकटाही वापरता येतो. छिद्राचे आकडे ४, ८, १६, ३२, ६४, १२८ असे दुपटीने चढत असतील तर ती जुनी यू.एस., म्हणजे युनिफॉर्म सिस्टिम, पद्धत. तिथला ४ म्हणजे एफ/८, ८ म्हणजे एफ/११. फक्त १६ हा आकडा यू.एस. आणि एफ या दोन्ही पद्धतींत सारखा. हे न कळल्याने एक्सपोजर हमखास बिघडतं.

कोडॅकच्या क्रमांकाआधीची दोन अक्षरं साल सांगतात. सी, ए, एम, ई, आर, ओ, एस, आय, टी, वाय ही अनुक्रमे १ ते ९ आणि ०. 'ईओ' म्हणजे १९४६, 'आरसी' म्हणजे १९५१.

५. नाव नसेल तर मोजा. लेन्स कॅमेऱ्यावर लावून दूरचं झाड फोकस करा आणि लेन्सबोर्डापासून (लेन्स बसवलेल्या फळीपासून) ग्राउंड ग्लासपर्यंतचं, म्हणजे प्रतिमा उमटते त्या मागच्या खरखरीत काचेपर्यंतचं अंतर टिपा. मग जवळची मोजपट्टी तिच्या खऱ्या आकाराएवढी ग्राउंड ग्लासवर उमटेल असं फोकस करून तेच अंतर पुन्हा मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे नाभीय अंतर. शेवटी छिद्र एफ/२२ वर आणा, दूरचंच दृश्य ठेवा आणि लेन्स हळूहळू बाजूला सरकवत कोपरा कुठे काळवंडतो ते पाहा. ती लेन्स ४×५ ला पुरेल की ८×१० लाही, हे तिथेच कळतं.