कोकणातल्या शाळेत प्राचीन व्यापारमार्ग कसे शिकवावेत

सहावी ते आठवीच्या वर्गात हा विषय आला की नकाशावर रेघा ओढायच्या, मसाले-मलमल-हस्तिदंत अशी यादी लिहून द्यायची आणि पुढच्या धड्याकडे वळायचं, असं फार वेळा होतं. कोकणात तरी ते होऊ देऊ नये. सोपारा, कल्याण आणि चौल ही आपली बंदरं ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासपुस्तिकेत नावानिशी आली आहेत. सगळा पाठ एकाच प्रश्नाभोवती बांधा: आलेला व्यापारी इथे किती दिवस थांबला, आणि का?

सुरुवात वाऱ्यापासून करा, नकाशा नंतर. फळ्यावर बारा महिन्यांचं चक्र काढा आणि होड्या कधी वर ओढतात, पुन्हा पाण्यात कधी घालतात ते मुलांना भरू द्या. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ, हे कोळीवाड्यातल्या मुलांना तोंडपाठ असतं. मग सांगा की इजिप्तहून आपल्याकडे येणारी जहाजं जुलैच्या सुमारास निघत. “बाई, जुलैत तर दर्या खवळलेला असतो!” असं कुणीतरी म्हणणारच. घाईने उत्तर देऊ नका, मुलांना भांडू द्या. तांबडा समुद्र उतरून यायलाच बरेच दिवस जातात. नैर्ऋत्येचा वारा पाठीशी घेऊन जहाज आपल्या किनाऱ्याला लागेपर्यंत पावसाचा जोर ओसरलेला असतो. परतीला मात्र ईशान्येचा वारा हवा, आणि तो हिवाळ्यात मिळतो. मधले महिने चक्रावर रंगवायला लावा. त्या रंगवलेल्या तुकड्यात माणसाला काय काय लागेल, हे मुलं स्वतःच सांगू लागतात: राहायला जागा, जेवण, दुभाषा, उधार देणारा सावकार, आपला देव पुजायला कोपरा. सांस्कृतिक देवाणघेवाण इथेच सुरू होते.

दुसऱ्या तासाला वर्ग मैदानात न्या. जहाज, बंदर, घाट आणि बाजारपेठ असे चार गट करा. जहाजाकडे द्राक्षमद्य, तांबं, कथील, पोवळं, काच आणि सोन्या-चांदीची नाणी अशा चिठ्ठ्या द्या. बाजारपेठेकडे पैठणचे अकीक आणि तेरचं सुती कापड. घाटाचा गट म्हणजे नाणेघाट, कल्याणकडून जुन्नरला चढणारी वाट. तिथे दगडात कोरलेला मोठा रांजण आहे, त्यात जकात जमा होई असं परंपरेने सांगतात. खेळातही घाट ओलांडणाऱ्या प्रत्येकाने एक चिठ्ठी डब्यात टाकावी. दोन फेऱ्या झाल्या की अचानक जाहीर करा: कल्याण बंद! हे मनचं नाही. कल्याणला येऊन लागलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात गुजरातच्या भडोच बंदराला नेली जात, असं पेरिप्लसमध्येच लिहिलं आहे. मुलं चिडतात, वाद घालतात. राजकारणाचा व्यापारावर होणारा परिणाम त्या वादातून जितका कळतो तितका परिच्छेद वाचून कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

मग पुरावा. कान्हेरीच्या लेण्यांतल्या लेखांत सोपारा, कल्याण, चौल इथल्या दात्यांची नावं आहेत, तर कार्ल्याच्या चैत्यगृहात यवनांनी, म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेल्या परदेशी लोकांनी, दिलेल्या खांबांचे लेख. फळ्यावर तीन रकाने आखा: कोणी दिलं, काय दिलं, कुठून आला. तेच रकाने घेऊन मुलांना गावातल्या देवळाच्या किंवा शाळेच्या देणगीफलकापुढे उभं करा. मुंबईकर चाकरमान्यांची नावं, गाव, रक्कम वाचता वाचता शिलालेख कसा वाचायचा ते हाताशी येतं.

कालक्रमासाठी एक दोरी ताणा, एक वीत म्हणजे 100 वर्षं. एका टोकाला सोपाऱ्यात ज्याचे लेख सापडले तो अशोक, दुसऱ्या टोकाला आज. मिरची आणि काजू मुलं हमखास प्राचीन मालात घालतात. ती पोर्तुगीजांबरोबर आली, म्हणून चिठ्ठी आजपासून पाचव्या वितीवर अडकवा. अकराव्या वितीवर अल्-मसूदी हा अरब प्रवासी. त्याने चौलला सुमारे 10,000 मुसलमान राहत असल्याचं लिहिलं आहे. त्यांत बसरा, बगदाद, ओमानहून आलेले होते, तसे इथेच जन्मलेलेही.

अलिबाग परिसरातल्या शाळांनी बेने इस्रायल या ज्यू समाजाची गोष्ट जरूर सांगावी. पूर्वजांचं जहाज नवगावजवळ फुटलं आणि वाचलेले इथेच राहिले, अशी त्यांची परंपरा आहे. तेलाच्या घाण्याचा धंदा, शनिवारी काम बंद, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. घरची भाषा मराठी झाली. अशा घरातलं कुणी वर्गात बोलायला तयार असेल तर आधी भेटून विषय ठरवा, आणि मुलांना माणसाशी बोलायला शिकवा, नमुना पाहायला नव्हे.

परीक्षेत बंदरांची नावं विचारू नका. एवढंच विचारा: सप्टेंबरात चौलला उतरलेल्या व्यापाऱ्याला परतीच्या वाऱ्यापर्यंत कुणाकुणाची गरज पडेल? प्रत्येक उत्तरापुढे मुलाने एक पुरावा लिहावा, आणि पुरावा नसेल तिथे ‘अंदाज’ असं स्पष्ट लिहावं. अंदाजालाही गुण द्या.