परदेशात एमयूएनला जाताय? आधी सोसायटीची एजीएम आठवा

ठाण्यातले दोन-तीन ज्युनिअर्स सारखं विचारतायत की परदेशातल्या एमयूएनला जायचं तर नक्की करायचं काय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. मी अकरावीत असताना नेदरलँड्सला जाऊन आलोय, अवॉर्ड-बिवॉर्ड काही मिळालं नाही, उलट पहिल्याच दिवशी तोंडावर आपटलो, ते पुढे सांगतोच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एमयूएन (मॉडेल युनायटेड नेशन्स) म्हणजे लुटूपुटूचं संयुक्त राष्ट्र. तुम्हाला एक देश मिळतो, कमिटी मिळते, विषय मिळतो आणि तीन-चार दिवस तुम्ही त्या देशाचे वकील, स्वतःचं मत घरी ठेवून जायचं.

पैसे भरायच्या आधी एवढं बघा की फीमध्ये काय काय येतं, हॉटेल आहे का, व्हिसा रिजेक्ट झाला तर किती परत मिळणार, आणि आयोजक नक्की कोण. मधला एजंट "इन्व्हिटेशन लेटर आहे म्हणजे व्हिसा पक्का" असं म्हणाला तर तिथेच सावध व्हा, तसं काही नसतं. पासपोर्ट नसेल तर आजच कामाला लागा, ठाणेकरांना वागळे इस्टेटचं सेवा केंद्र आहे. युरोपातल्या बहुतेक देशांत जायचं तर शेंगेन व्हिसा (एकाच व्हिसावर यातले सगळे देश), त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी, पण १५ दिवसांवर कुणी जाऊ नका, डिसेंबरात अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही. किमान ३०,००० युरोचं कव्हर असलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स लागतो. अठराच्या आतले असाल तर आई-बाबा दोघांची लेखी परवानगी पण लागते, माझे बाबा नेमके तेव्हा टूरवर होते आणि एका सहीसाठी आठवडा गेला.

आता खरा विषय, अभ्यास. मला नाऊरू मिळाला होता. पॅसिफिकमधला देश, क्षेत्रफळ २१ चौरस किलोमीटर, म्हणजे ठाणे महापालिकेच्या हद्दीत असे चार-पाच नाऊरू सहज बसतील. विषय होता खोल समुद्रातलं खाणकाम. मी म्हटलं छोटं बेट आहे, समुद्र वाढला की पहिले हेच बुडणार, म्हणजे हे खाणकामाच्या विरोधातच असणार ना, आणि दणकून भाषण ठोकलं, समुद्र वाचवा, पुढच्या पिढ्या, सगळं. खाली बसलो तर फिजीची डेलिगेट आली, हातात हायलाइट केलेला प्रिंटआउट, आणि शांतपणे म्हणाली, तुमच्याच देशाने २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाला सांगितलं होतं की आम्ही स्पॉन्सर केलेल्या कंपनीला खाणकाम करायचंय, दोन वर्षांत नियम पूर्ण करा. थोडक्यात नाऊरू खाणकामाच्या बाजूने, आणि फिजी, पलाऊ हे शेजारी उलट थांबा म्हणणारे. मी त्यांच्याच बाजूने ओरडत होतो. कान लाल झाले अक्षरशः.

त्यामुळे देश मिळाला की अंदाज बांधू नका. संयुक्त राष्ट्रांच्या डिजिटल लायब्ररीत जुन्या ठरावांवर कुणी कसं मत दिलं ते फुकट बघता येतं, तुमच्या देशाची तिथली भाषणंही मिळतात, दोन संध्याकाळ त्यात घालवा. मग पोझिशन पेपर लिहा, विषयावर देशाचं म्हणणं काय, आधी काय केलं, आता काय हवंय, बास.

आणखी एक गोष्ट जी आमच्यापैकी निम्म्यांना माहीत नव्हती. सगळीकडे नियम सारखे नसतात. थिमन म्हणजे हेगची एमयूएन (ती १९६८ पासून चालू आहे), तिच्या पद्धतीत ठरावाचा मसुदा घरून लिहून नेतात आणि लॉबिंगमध्ये, म्हणजे आपापसात बोलून, जुळवतात, हार्वर्ड विद्यापीठाच्या एमयूएनच्या पद्धतीत घरून लिहिलेला ड्राफ्ट चालतच नाही. म्हणून कॉन्फरन्सचं नियमपुस्तक विमानात तरी वाचा. बऱ्याच ठिकाणी हजेरीला "प्रेझेंट अँड व्होटिंग" म्हणालात की ठरावावर तटस्थ राहता येत नाही, नुसतं "प्रेझेंट" म्हटलं की येतं. आणि जनरल असेंब्लीच्या (आमसभेच्या) कमिटीत असाल तर देशांना हुकूम सोडू नका, असेंब्ली सहसा शिफारसच करते, बंधनकारक निर्णय सुरक्षा परिषदेचे, तिथे १५ पैकी ९ मतं लागतात आणि पाच कायम सदस्यांपैकी एकाचाही व्हेटो पडता कामा नये.

अनमॉड (अनमॉडरेटेड कॉकस, कमिटीतली मोकळ्या चर्चेची वेळ) म्हणजे काय ते मी असं सांगतो. सोसायटीच्या एजीएमला वर हॉलमध्ये सेक्रेटरी वाचून दाखवतात, काका लोक माइकवर भांडतात, पण गळतीच्या कामाचं कंत्राट कुणाला द्यायचं ते खाली पार्किंगमध्ये चहा पिताना ठरतं, बरोबर? अनमॉड म्हणजे ते पार्किंग. सगळे खुर्च्या सोडून उठतात, गोंधळ उडतो, तेव्हा मागे उभं राहून मोबाइल बघायचा नाही, एखादा घोळका पकडायचा आणि "हे मी टाइप करू का?" म्हणायचं. ज्याच्याकडे लॅपटॉप त्याचे शब्द ठरावात जातात. दुसऱ्या दिवशी मी तेच केलं, नाऊरूची बाजू नीट धरून ठरावात दोन क्लॉज (कलमं) घुसवले, आणि एकावर फिजीनेच दुरुस्ती मांडली, अर्थात पडली.

इंग्लिशचं टेन्शन घेऊ नका. फाडफाड बोलणारे बरेच असतात, पण मिनिटभरात एकच मुद्दा नीट मांडणारे कमी, आणि चेअर (कमिटी चालवणारा) वहीत त्यांचीच नावं लिहितो असं माझं निरीक्षण आहे. घरी मोबाइलवर टाइमर लावून बोलून बघा. बऱ्याच कॉन्फरन्समध्ये "मी" म्हणायचं नाही, "नाऊरूचं शिष्टमंडळ" म्हणायचं, पहिल्यांदा फार हसू येतं.

कपडे म्हणाल तर एक ब्लेझर पुरतो, राम मारुती रोडला घेतला तरी चालतो, आत थर्मल घाला कारण जानेवारीत तिकडे वारा भयंकर असतो आणि चालावं फार लागतं. खायचं नेताना एक लक्षात ठेवा, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे आजीने दिलेले पेढे इकडेच ठेवा. मी चिक्की नेली होती. फिजीच्या डेलिगेटने दोन तुकडे खाल्ले आणि रेसिपी मागितली, शेंगदाणे आणि गूळ म्हटल्यावर तिचा विश्वासच बसेना.