गॅसचे फॉर्म्युले पाठ करण्याआधी रेणू डोळ्यासमोर आणा

अकरावी-बारावी सायन्सला मराठी मीडियममधून आलेल्या मुलांसाठी खास लिहितेय. मी दहावीपर्यंत दाब, तापमान, आकारमान शिकलेले आणि एकदम प्रेशर, टेम्परेचर, व्हॉल्यूम सुरू झालं, मग मी काय केलं तर पीव्ही इज इक्वल टू एनआरटी, म्हणजे या तिघांना जोडणारा फॉर्म्युला, पाठ केलं आणि आकडे टाकत सुटले. मार्क मिळाले, कळलं काहीच नव्हतं.

कळलं ते सायकलमध्ये हवा भरताना. दहा-बारा स्ट्रोक जोरात मारले की पंपाचा खालचा भाग, नळी निघते तिथे, चांगलाच गरम लागतो. मला वाटायचं आतला वॉशर घासतोय. थोडं त्यानेही होतं, पण मुख्य कारण वेगळंय. बॅट पुढे आणून मारली की बॉल जास्त स्पीडने परत जातो ना, तसंच खाली येणाऱ्या पिस्टनवर आपटलेला रेणू आधीपेक्षा वेगाने परत फिरतो. वेग वाढला म्हणजे सरासरी कायनेटिक एनर्जी (गतिज ऊर्जा) वाढली, आणि तापमान हे त्याच एनर्जीचं माप. उलट बॅट जरा मागे घेत खेळलं की बॉल पायाशीच पडतो, गॅस पिस्टनला ढकलत पसरला की थंड होतो तो असा.

आता टायर घ्या. सकाळी 27 डिग्रीला गेजवर 32 पीएसआय, हायवेवर आतली हवा 57 डिग्री झाली, टायर तेवढाच राहिला, तर गेज किती दाखवेल? इथे हमखास चुकतात. डिग्रीत 273 मिळवून केल्विन करायचे, 300 केल्विनचे 330 झाले, म्हणजे वाढ 10 टक्के, पण गेज बाहेरच्या हवेचा दाब धरत नाही, म्हणून 32 मध्ये 14.7 मिळवायचे, 46.7 चे 10 टक्के वाढवून 51.4, परत 14.7 वजा, आले 36.7. गंमत म्हणजे रेणूंचा वेग फक्त 5 टक्क्यांच्या आसपास वाढलाय! प्रत्येक धडक 5 टक्के जोरात आणि धडकाही 5 टक्के जास्त, म्हणून दाब 10 टक्के. हे वहीत मांडून बघितलं तेव्हा मी उठून आईला सांगायला गेले होते.

म्हणून गणित दिसलं की आधी दोनच गोष्टी विचारा, रेणू किती जोरात आपटतोय आणि किती वेळा. तापमान तेच ठेवून व्हॉल्यूम अर्धं केलं तर जोर तोच, धडका दुप्पट, म्हणून दाब दुप्पट, संपला बॉइलचा नियम.

एक गणित घरी डोक्यात करून बघा. बंद डब्यात मधे पडदा, एका बाजूला आयडियल गॅस (ज्याचे रेणू एकमेकांना ओढत नाहीत असं धरलेला), दुसरीकडे व्हॅक्यूम. पडदा काढला, गॅस पसरला, तापमान किती उतरेल? पिस्टनवालं उदाहरण परत वाचा, इथे मागे सरकणारी बॅट कुठंय ते शोधा.