ऑस्कर नामांकनांचा अंदाज बांधताय? या चुका टाळा

डिसेंबर लागला की सिनेमावेड्यांच्या गप्पांत याद्या फिरू लागतात. दिग्दर्शनासाठी पाच कोण, चित्रपट कोणते दहा, कोणाचा पत्ता कट. जानेवारीत खरी यादी येते, पाचातली तीन नावं जुळतात आणि उरलेल्या दोघांसाठी ‘अकादमीला सिनेमाच कळत नाही’ असं म्हणून विषय संपतो. शिकण्यासारखं असतं ते नेमकं त्या दोन नावांत. अंदाज चुकतो तेव्हा बहुतेक वेळा तीनपैकी एक गोष्ट पाहायची राहिलेली असते: मत कोणी दिलं, ते मोजलं कसं आणि मतदान संपलं कधी.

‘अकादमी’ हा एकच मतदार धरणं

ही सर्वांत महागात पडणारी चूक. ऑस्कर देणाऱ्या अकादमीचे सभासद दहा हजारांच्या आसपास असले, तरी नामांकनाच्या फेरीत ते शाखेनुसार मतदान करतात. दिग्दर्शक दिग्दर्शकांना निवडतात, संकलक संकलकांना, नट नटांना. उत्कृष्ट चित्रपटाची दहा नावं मात्र सगळे मिळून ठरवतात. म्हणजे एकाच दिवशी जाहीर होणाऱ्या याद्या वेगवेगळ्या मतदारसंघांतून आलेल्या असतात.

दिग्दर्शनाची यादी घ्या. अंदाज बांधणारे डायरेक्टर्स गिल्डची (दिग्दर्शकांच्या व्यावसायिक संघटनेची) पाच नावं उचलतात आणि जशीच्या तशी ऑस्करच्या रकान्यात टाकतात. गिल्डमध्ये हजारो सभासद आहेत, त्यांत टीव्हीचे दिग्दर्शक आणि सहायक दिग्दर्शकही येतात. अकादमीची दिग्दर्शन शाखा काही शेकड्यांची आहे आणि तिच्यात अमेरिकेबाहेरच्या लोकांचं वजन बरंच आहे. 2024 साली गिल्डने ग्रेटा गर्विग आणि अलेक्झांडर पेन यांना घेतलं. ऑस्करच्या यादीत त्या दोन जागांवर जस्टिन त्रिए आणि जोनाथन ग्लेझर आले. हा अपवाद नव्हता. 2019 मध्ये पावेल पाव्लिकोव्स्की, 2021 मध्ये थॉमस विंटरबर्ग, 2022 मध्ये र्युसुके हामागुची, तिघेही गिल्डच्या यादीत नसताना ऑस्करला पोचले. म्हणून गिल्डची पाचही नावं ठेवू नका. इंग्रजीत नसलेला, युरोपातल्या मोठ्या महोत्सवात गाजलेला एखादा चित्रपट शोधा आणि त्याच्या दिग्दर्शकासाठी गिल्डमधलं सर्वांत कमकुवत नाव काढा.

माहितीपट शाखा तर आणखी वेगळी. प्रेक्षकांना आवडलेला, नामवंत व्यक्तीवरचा गोड माहितीपट तिथे हटकून मागे पडतो. 2024 मध्ये ‘अमेरिकन सिम्फनी’ शॉर्टलिस्टमध्ये (नामांकनांआधीच्या प्राथमिक यादीत) होता, पण पाचात आला नाही. जे पाच आले त्यांचे विषय युगांडा, चिली, ट्युनिशिया, युक्रेन आणि भारतातले होते (झारखंडमधल्या खटल्यावरचा ‘टू किल अ टायगर’). संगीत शाखा उलट्या स्वभावाची, ती आपल्या माणसांना सोडत नाही. गीतकार डायान वॉरेन यांना 2018 ते 2025 सलग आठ वर्षं नामांकन मिळालं, आणि त्यांतले बरेचसे चित्रपट कोणी पाहिलेलेही नसतात. गाण्यांच्या यादीत त्यांचं नाव शॉर्टलिस्टमध्ये दिसलं की आत धरा. आणि एका चित्रपटाची दोनच गाणी नामांकित होऊ शकतात हेही ध्यानात ठेवा. ‘बार्बी’ची तीन गाणी शॉर्टलिस्टमध्ये होती, तिन्ही लिहिणाऱ्यांचा एक अंदाज तिथेच वाया गेला.

‘सगळ्यांना आवडलाय’ म्हणजे नामांकन पक्कं समजणं

मोजणी कशी होते हे महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळं शिकवावं लागत नाही, कारण राज्यसभेची निवडणूक याच पसंतीक्रमाच्या पद्धतीने होते. जून 2022 आठवा. सहा जागा, सात उमेदवार, 284 वैध मतं. पहिल्या पसंतीची मतं संजय पवारांना 33, धनंजय महाडिकांना 27. निवडून आले महाडिक. पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना प्रत्येकी 48 मतं होती, कोटा साधारण साडेचाळीसचा. वरची सात-साडेसात मतं दोघांच्याही मतपत्रिकांवरून दुसऱ्या पसंतीने महाडिकांकडे वळली.

ऑस्करच्या नामांकनांचाही कोटा असाच निघतो: एकूण मतपत्रिका भागिले जागा अधिक एक, आणि आलेल्या आकड्यात एक मिळवायचा. समजा दिग्दर्शन शाखेत 600 मतपत्रिका आल्या. पाच जागा, म्हणजे 600 भागिले 6, म्हणजे 100, अधिक 1. 101 मतं झाली की नामांकन. आता एक चित्रपट असा धरा जो 400 मतपत्रिकांवर चौथ्या क्रमांकावर आहे, पण पहिल्या क्रमांकावर एकाच्याही नाही. तो पहिल्याच फेरीत बाद होतो, त्या 400 जणांची चौथी पसंती कधी उघडलीच जात नाही. उलट 70 जणांनी जीव ओवाळून पहिल्या क्रमांकावर ठेवलेला चित्रपट टिकून राहतो, आणि एखाद्या बलाढ्य चित्रपटाची वरची मतं त्याच्याकडे वळली की आत जातो.

म्हणून यादी करताना ‘हा किती जणांना आवडला’ असं विचारू नका. ‘याला पहिल्या क्रमांकावर लिहिणारी माणसं कोण, आणि ती या शाखेत किती’ असं विचारा. 2023 मध्ये अभिनेत्री अँड्रिया राइझबरो यांचं नामांकन सगळ्यांना धक्का वाटलं. गोल्डन ग्लोब, अभिनेत्यांचं गिल्ड, ब्रिटनचे बाफ्टा, ऑस्करआधीच्या या पुरस्कारांत कुठेच त्यांचं नाव नव्हतं. पण अभिनय शाखेत तेव्हा सुमारे 1300 मतदार होते. 1300 भागिले 6 करून पाहा: 218 च्या आसपास पहिली पसंती पुरेशी होती. शाखेतल्या वजनदार सहकाऱ्यांनी शेवटच्या आठवड्यांत उघडपणे त्यांची बाजू घेतली, तेवढ्यात काम झालं.

दुसरीकडे, ज्याच्या नामांकनाबद्दल कुणालाच शंका नाही त्याचंही कधी कधी बिनसतं. ‘तो तर येणारच’ म्हणत मतदार त्याला दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर ढकलतात आणि पहिला क्रमांक धडपडणाऱ्याला देतात. पक्क्या नावाच्या मागे भक्त आहेत की फक्त मान आहे, हे तपासूनच त्याच्यापुढे नामांकनाच्या शक्यतेचे टक्के लिहा.

आधीच्या पुरस्कारांना एकाच तराजूत तोलणं

गोल्डन ग्लोबची रात्र झगमगाटाची असते, पण तिथे मत देणारे पत्रकार आहेत, अकादमीचे सभासद नव्हेत. ग्लोबमुळे एखादं नाव चर्चेत येतं, मतदार तो चित्रपट पाहायला घेतात, एवढाच त्याचा उपयोग. 2025 मध्ये अभिनेत्री फर्नांडा टोरेस यांना नेमका तोच झाला. अभिनेत्यांच्या गिल्डची नामांकनं दरवर्षी नव्याने निवडलेली दोन-अडीच हजारांची समिती करते. त्यांतले थोडेच अकादमीत असतात. बाफ्टाच्या अभिनय आणि दिग्दर्शनाच्या यादीत काही जागा ज्युरी भरते, त्यामुळे तिथलं अनपेक्षित नाव हा मतदारांचा कौल मानता येत नाही.

उत्कृष्ट चित्रपटासाठी सर्वांत भरवशाचं गिल्ड निर्मात्यांचं. तिथेही दहा जागा आणि पसंतीक्रमाची मतपत्रिका. 2024 मध्ये त्यांचे दहाच्या दहा जुळले. 2025 मध्ये आठ जुळले: ‘अ रिअल पेन’ आणि ‘सप्टेंबर 5’ गळले, ‘आय ॲम स्टिल हिअर’ आणि ‘निकल बॉइज’ आले. गळलेले दोन्ही इंग्रजी, आलेल्यांतला एक पोर्तुगीज भाषेतला. निर्मात्यांच्या यादीत परभाषेतला चित्रपट कमी दिसला की एक जागा हलवायची, हा ठोकताळा त्यामुळेच.

रकाना चुकवणं

प्रचार करणारा स्टुडिओ नटाला ‘सहायक’ म्हणतो म्हणून तो सहायकच राहील असं नाही. अभिनयात कोण प्रमुख आणि कोण सहायक हे प्रत्येक मतदार आपल्या मतपत्रिकेवर ठरवतो. दोन्हीकडे मतं पडली तर ज्या रकान्यात कोटा आधी पूर्ण होईल तिथे नाव लागतं. केट विन्स्लेट ‘द रीडर’साठी ग्लोब आणि अभिनेत्यांच्या गिल्डचे पुरस्कार सहायक म्हणून जिंकल्या आणि 2009 चं ऑस्कर प्रमुख अभिनेत्री म्हणून घेऊन गेल्या. 2021 मध्ये लकीथ स्टॅनफिल्ड यांचा प्रचार प्रमुख अभिनेत्याचा होता, नामांकन सहायकाचं आलं. पडद्यावरचा वेळ सारखा असलेली दोन नावं एकाच चित्रपटात असतील, तर दोन्ही रकान्यांत थोडे थोडे टक्के ठेवा.

पटकथेचा घोळ वेगळा. ‘मूळ’ की ‘आधारित’ हे अकादमीच्या लेखन शाखेची समिती ठरवते आणि ती लेखकांच्या गिल्डशी सहमत असेलच असं नाही. ‘मूनलाइट’, ‘व्हिप्लॅश’ आणि ‘बार्बी’ हे तिन्ही गिल्डकडे मूळ होते, ऑस्करला आधारित ठरले. एक चित्रपट सरकला की दोन्ही रकान्यांची गणितं बदलतात, तेव्हा जानेवारीच्या सुरुवातीला हे एकदा तपासाच.

‘ऑस्करच्या शर्यतीत’ या बातमीवर विश्वास ठेवणं

दर जानेवारीत आपल्याकडे मथळे झळकतात की अमुक भारतीय चित्रपट ऑस्करच्या शर्यतीत. ती असते पात्र चित्रपटांची यादी. ठरावीक अमेरिकी महानगरांपैकी एकात सलग सात दिवस चित्रपट दाखवला, कागदपत्रं भरली, की नाव येतं. उत्कृष्ट चित्रपटासाठी अटी जास्त आहेत, तरी 2025 च्या पुरस्कारांसाठी 323 पात्र चित्रपटांपैकी 207 त्या रकान्यातही पात्र होते. या यादीवरून कोणाला एक टक्काही देऊ नका. बघायची असते ती डिसेंबरमधली शॉर्टलिस्ट. आंतरराष्ट्रीय चित्रपट, माहितीपट, गाणं, पार्श्वसंगीत, दृक्परिणाम, ध्वनी, रंगभूषा अशा विभागांत तिच्याबाहेरचं नाव येऊच शकत नाही. ‘ड्यून’च्या दुसऱ्या भागाचं पार्श्वसंगीत आधीच्या भागातलं संगीत जास्त असल्याने अपात्र ठरलं होतं, तरीही अनेकांच्या यादीत ते शेवटपर्यंत राहिलं.

देशाची अधिकृत प्रवेशिका आणि ऑस्करची इतर दारं यांतही गल्लत होते. आंतरराष्ट्रीय विभागात देशाचा एकच चित्रपट जातो. आपल्याकडे तो फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया निवडते. ‘श्वास’, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि ‘कोर्ट’ हे मराठी चित्रपट असे गेले, पाचात पोचले नाहीत. ‘आरआरआर’ ही भारताची प्रवेशिका नव्हतीच, ती होती ‘छेल्लो शो’. ‘नाटू नाटू’ आलं ते गाण्याच्या रकान्यातून, थेट. ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ कान महोत्सवातून ग्रां प्री पुरस्कार घेऊन आला, पण भारताने तो पाठवला नाही, म्हणून आंतरराष्ट्रीय विभागाचं दार त्याला बंद होतं. त्याच वर्षी ‘संतोष’ हा हिंदी चित्रपट ब्रिटनकडून शॉर्टलिस्टमध्ये होता. चित्रपट कुठल्या देशाकडून आला हे आधी पाहा, मग भाषा.

तारीख न पाहता मत बदलणं

मतदान संपल्यावर जे घडतं त्याचा नामांकनावर परिणाम होत नाही. 2013 मध्ये नामांकनांचं मतदान 4 जानेवारीला संपलं आणि डायरेक्टर्स गिल्डची यादी 8 तारखेला आली. ती यादी पाहून अनेकांनी बेन ॲफ्लेक, कॅथरिन बिगेलो आणि टॉम हूपर यांना पक्कं केलं. 10 तारखेला तिघेही बाहेर होते. 2025 मध्ये उलट झालं. लॉस एंजेलिसच्या वणव्यांमुळे मतदान 17 जानेवारीपर्यंत लांबलं, म्हणजे उशिरा पाहिलेल्या चित्रपटांना जास्तीचे दिवस मिळाले. तुमच्या तक्त्यात नाव, टक्के आणि बदलाचं कारण यांच्या शेजारी ‘बदल मतदान संपण्यापूर्वीचा की नंतरचा’ असा रकाना ठेवा.

टक्क्यांचाही हिशोब हवा. पाच जागांच्या विभागात सगळ्या नावांच्या टक्क्यांची बेरीज 500 झाली पाहिजे. नऊ नावं असतील तर उदाहरणार्थ 95, 90, 75, 65, 55, 45, 35, 25, 15. वरच्या पाचांची बेरीज 380, म्हणजे तुमच्याच आकड्यांनुसार सरासरी 3.8 नावं जुळायला हवीत. पाचपैकी पाचची अपेक्षा तुम्ही स्वतःच लिहिलेली नाही. निकालानंतर गुण मोजताना प्रत्येक नावासाठी चुकीचा वर्ग काढा: 90 टक्के दिलेलं नाव आलं नाही तर 0.9 चा वर्ग, 0.81, 55 टक्के दिलेलं आलं नाही तर 0.30. बेरीज जितकी कमी तितका अंदाज चांगला. दोन-तीन वर्षांचे तक्ते शेजारी ठेवले की कुठल्या शाखेत तुमचे 90 टक्के वारंवार फसतात ते दिसतं, आणि पुढच्या डिसेंबरमध्ये त्या शाखेपासून सुरुवात करता येते.